जुन्या चित्रांतलं स्केटिंग: पायाखाली चाकं की पातं? आणि साल कसं ठरवायचं?

जुनाट_कागद:
जुन्या छापील चित्रांच्या ऑनलाइन लिलावांत 'व्हिक्टोरियन रोलर स्केटिंग, लंडन, सु. १८५०' अशा चिठ्ठ्या सर्रास दिसतात. साल कुठून काढतात, देव जाणे. काही चित्रांत तर चक्क बर्फावरचं स्केटिंग असतं आणि विकणारा 'रोलर' म्हणून खपवतो. सध्या एक चित्र समोर आहे: दुपानी, मध्ये घडी, काळ्या रेषांवर हातानं भरलेले रंग. मोठ्या दालनात बायका-पुरुष स्केटिंग करताहेत, कोपऱ्यात वाद्यवृंद. चिठ्ठी तीच, १८५०.
प्रश्न दोन. (१) अशा चित्राचं साल चित्रावरूनच कसं ठरवायचं? (२) छपाई अस्सल त्या काळातली की नंतरची नक्कल, हे कसं ओळखायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

खोडसाळपंत:
आधी पायाकडे बघा. लग्न जमवताना चेहरा, चित्र घेताना पाय.

ठसा:
पंतांनी विनोद केला, पण मुद्दा तोच आहे. पायातली वस्तू नीट दिसत असेल तर निम्मं काम तिथेच होतं.
एका रेषेत चाकं, म्हणजे आजच्या इनलाइनसारखी, असतील तर मांडणी चारचाकी स्केट आणणाऱ्या प्लिम्प्टनच्या आधीची. पॅरिसमध्ये पेतिब्लेनं १८१९ला पेटंट घेतलं, त्यात एकामागे एक तीन चाकं. लंडनच्या पिकॅडिलीतला फळवाला रॉबर्ट जॉन टायर्स यानं १८२३ला 'व्होलिटो' आणलं. त्यात पाच चाकं, मधलं मोठं, कडेची लहान, म्हणजे एका वेळी एखाद-दुसरंच चाक जमिनीला टेकतं. १८२८ला पॅरिसच्याच गार्सांनं 'सिंगार' काढलं.
दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकं आणि तळपट्टीखाली हलणारे आस दिसले, तर चित्र १८६३नंतरचं. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनचं पेटंट ६ जानेवारी १८६३चं आहे, क्रमांक ३७,३०५. इंग्लंडमधलं त्याचं पेटंट १८६५चं. तेव्हा लंडनमध्ये १८५० साली लोक चारचाकी स्केटवर गिरक्या घेताहेत असं चित्र असेल, तर साल चुकलेलं आहे. त्यावर चर्चाच नको.

खोडसाळपंत:
'सिंगार'?! फ्रेंचांना सोळा शृंगारांची खबर होती तर.

सेनकाठची_सखू:
पंत, शृंगाराशी संबंध नाही. गार्सां हे नाव उलटं फिरवलं की सिंगार होतं. हा गृहस्थ मुळात बर्फावरच्या स्केटिंगचा पंडित, त्यावर १८१३ला पुस्तकही लिहिलेलं. म्हणून त्याच्या स्केटचा सगळा रोख 'उन्हाळ्यात बर्फ नाही, मग काय करायचं' यावर.

वाचनमात्र:
पण पहिलं रोलर स्केट तर १७६०मध्ये मर्लिननं केलं ना? व्हायोलिन वाजवत आला आणि आरशावर आदळला. त्याचं चित्रही सगळीकडे फिरत असतं.

ठसा:
किस्सा छान आहे, पण जपून वापरा. जॉन जोसेफ मर्लिन हा ह्यूई गावचा (आता बेल्जियममध्ये) यंत्रकार, १७६०ला लंडनला आला. सोहो स्क्वेअरच्या कार्लाइल हाउसमध्ये मिसेस कॉर्नेलिस मुखवट्यांच्या मेजवान्या भरवायची, तिथे चाकांवरून व्हायोलिन वाजवत शिरला आणि पाचशे पौंडांहून महाग आरसा, व्हायोलिन नि स्वतः, तिन्ही फोडून घेतले, असा तो किस्सा. तो वाचायला मिळतो थॉमस बझबीच्या १८२५च्या संगीतविषयक किश्शांच्या पुस्तकात. मर्लिन वारला १८०३ला. म्हणजे छापील किस्सा त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. '१७६०' हे साल मर्लिनच्या लंडनला येण्याचं आहे, लोकांनी तेच आरशाला चिकटवलं.
समोरासमोर काढलेलं त्याचं चित्र हवं असेल तर गेन्सबरोनं काढलेलं पोर्ट्रेट लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. त्यात हातात छोटं वजनयंत्र आहे, पायात स्केट नाही. आरशावर आदळणारा मर्लिन दाखवणारी चित्रं ही कल्पनाचित्रं. 'अठराव्या शतकातलं अस्सल' म्हणून कुणी विकत असेल तर लांबूनच नमस्कार करावा.

आस_आणि_चाक:
चारचाकी मांडणीनं एवढा फरक का पडला ते लिहितो, कारण त्यावरून चित्रकारानं खरंच स्केट पाहिलं होतं का हेही कळतं.
एका रेषेतली चाकं पक्क्या आसांवर असली की स्केट सरळ जातं, वळत नाही. बैलगाडी अरुंद बोळात वळवताना चाक फरफटतं ना, तसंच. टायर्सनं मधलं चाक मोठं केलं ते याचसाठी: एकाच चाकावर तोल आला की त्यावर फिरता येतं. पण त्यात टिकून उभं राहणंच अवघड.
प्लिम्प्टननं पुढचा आणि मागचा आस वेगळ्या तुकड्यांवर बसवला, तुकडे तळपट्टीला तिरक्या खुंटीवर जोडले आणि मध्ये रबराची गादी दिली. पाय एका बाजूला कलला की गादी दबते, पुढचा आस एका दिशेला नि मागचा उलट दिशेला फिरतो. दोन्ही आसांच्या रेषा वाढवल्या तर वळणाच्या मध्यबिंदूशी मिळतात. भार काढला की रबर आस पूर्ववत सरळ करतं. आजच्या स्केटबोर्डखालचा 'ट्रक' याच तत्त्वावर चालतो.
आता चित्र बघताना: माणूस कललाय, पण दोन्ही आस तळपट्टीला काटकोनात सरळच काढलेत? मग चित्रकारानं बर्फावरची मुद्रा घेतली आणि खाली चार चाकं डकवली. असं पुष्कळ दिसतं. चित्र खोटं ठरत नाही, पण तपशिलाला पुरावा मानू नये.

भिंगवाली:
ठसा, 'चर्चाच नको' जरा घाईचं झालं. तुमच्या पद्धतीनं चित्र 'याआधीचं नाही' एवढंच ठरतं, वरची मर्यादा मिळत नाही. चारचाकी स्केट १८६६लाही होतं आणि १९१०लाही. शिवाय निम्म्या चित्रांत बायकांचे पाय घेरात लपलेले. तिथे माझी मदार कपड्यांवर.
मागे फुगलेला घेर, बसल-फ्रेमवर (घेर मागे फुगवणारा आतला सांगाडा) उचललेला: साधारण १८६९ ते १८७६. नंतर घेर पायांशी ओढून बांधलेला, पुढून सपाट, मागे लांब झोळ: १८७६ ते १८८२. मग बसल परत येतो, या वेळी जवळजवळ आडव्या फळीसारखा: १८८३ ते १८८९. बाह्या खांद्याशी फुग्यासारख्या असतील तर १८९५च्या आगेमागे. पुरुषांचे कोट यात फारसे कामाचे नाहीत, ते दशकानुदशकं तसेच.
आणि स्केट बांधलंय कसं? नुसते चामड्याचे पट्टे असतील तर जुनी पद्धत. बुटाच्या तळाला पकडणारे, किल्लीनं आवळायचे धातूचे चिमटे १८८०च्या दशकात रुळतात. गोळ्यांचे बेअरिंग (रिचर्डसनचं पेटंट १८८४चं) चित्रात दिसणार नाहीत, पण जाहिरातीच्या मजकुरात हमखास येतात. तेव्हा जाहिरातीचं चित्र असेल तर अक्षरं आधी वाचा.

ठसा:
घाई मान्य. पण कपड्यांनाही पूर्ण मोकळीक देऊ नका. अशी चित्रं बहुधा सचित्र साप्ताहिकांतली, आणि त्यांचे कोरीव ठसे ती एकमेकांना विकायची. विजेच्या प्रक्रियेनं तांब्याची प्रतिकृती काढायची आणि तीच लंडनहून पॅरिस, लाइपझिग, न्यूयॉर्कला. कधी दोन-तीन वर्षांनी, खालची ओळ बदलून. तेव्हा कपड्यांवरून चित्र काढल्याचं साल कळतं, हातातला कागद छापल्याचं नव्हे.

भिंगवाली:
हे शंभर टक्के पटलं. म्हणूनच मागचं पान बघायचं.

सेनकाठची_सखू:
'पायाकडे बघा' या नियमाला एक खणखणीत अपवाद. फ्रेंच चित्रकार माने याचं १८७७चं 'स्केटिंग' नावाचं तैलचित्र, सध्या हार्वर्डच्या संग्रहालयात. पुढे ऐटीत उभी बाई, मागे गर्दीचे फटकारे. चाक शोधून दाखवा! तरी ते रोलर स्केटिंगच्या दालनाचं चित्र आहे. इथे शब्द मदतीला येतो: त्या काळच्या पॅरिसमध्ये 'स्केटिंग' हा उसना इंग्रजी शब्द चाकांच्या दालनासाठी वापरायचे, बर्फासाठी त्यांचा स्वतःचा 'पातिनाज' होताच.
म्हणून पॅरिसचा पोस्टर-चित्रकार शेरे याच्या पोस्टरांत गल्लत करू नका. त्याची १८७०च्या दशकातली 'स्केटिंग रिंक' असं नाव असलेली पोस्टर चाकांची. पण 'पाले द ग्लास'ची १८९३पासूनची प्रसिद्ध पोस्टर बर्फाची, 'ग्लास' म्हणजेच बर्फ. ती 'रोलर स्केटिंग' म्हणून विकणारे जगभर आहेत.
अवांतर: पॅरिसच्या ऑपेरात १६ एप्रिल १८४९ला मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मध्ये गोठलेल्या तळ्यावरचा नाच चाकांच्या स्केटवर झाला. म्हणजे ते दृश्य दाखवणाऱ्या चित्रांत बर्फ खोटा आणि चाकं खरी! १८५०च्या आसपासचं अस्सल 'रोलर' चित्र हवंच असेल तर ते या ऑपेराच्या आजूबाजूला शोधा, लंडनच्या दालनात नव्हे.

खोडसाळपंत:
दालनाला 'रिंक'च का म्हणायचं? आपलं 'रिंगण' काय वाईट आहे. वारीत घोडा फिरतो, इथे साहेब फिरतो.

आस_आणि_चाक:
रिंक शब्द स्कॉटिश, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या पट्ट्यासाठीचा. तो आधी बर्फाचा होता, मग चाकांनी पळवला. रिंगणाशी नातं कानापुरतंच, पण चालवून घेऊ.

जुनाट_कागद:
धागा भरकटतोय, पण मजा येतेय. १८७०च्या दशकातच एवढी चित्रं का दिसतात? आणि छपाईचं कुणी लिहील का?

ठसा:
कारण लाटच तेव्हा आली. प्लिम्प्टन स्केट विकत नसे, भाड्यानं द्यायचा, आणि रिंकवर शिस्त नि 'चांगल्या घरचे लोक' यांवर भर. १८६६ला ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमध्ये अटलांटिक हाउस या हॉटेलात त्यानं रिंक उघडली. ब्रिटनमध्ये वेड शिगेला गेलं ते १८७५-७६ला, वर्तमानपत्रांनी त्याला 'रिंकोमॅनिया' नाव दिलं. गावोगावी डांबरी तळाच्या रिंक झाल्या, नक्कल करणारे निघाले, प्लिम्प्टननं कोर्टात खेचले. १८७६चा प्लिम्प्टन विरुद्ध माल्कमसन खटला पेटंटच्या कायद्यात आजही उद्धृत होतो. सचित्र साप्ताहिकांना याहून चांगला विषय कुठला? तरुण-तरुणी हात धरून फिरताहेत आणि आईबाप कडेला खुर्चीवर. त्यांना सोबत जायचं तर त्यांनाही चाकं बांधावी लागणार!
दुसरी मोठी लाट १९०९च्या सुमाराची, तिचे अवशेष म्हणजे विनोदी पोस्टकार्डं. ब्रिटिश पोस्टकार्डाची मागची बाजू पत्ता नि मजकूर अशी दुभागलेली असेल तर ते १९०२नंतरचं, अमेरिकन असेल तर १९०७नंतरचं.

भिंगवाली:
छपाईवर मेगाबायटी प्रतिसाद देते, चहा घेऊन बसा.
साधन एकच, दहा पटीचं भिंग, सोनाराकडचं चालेल. १८९०च्या आधीची साप्ताहिकातली चित्रं बहुतेक लाकडी ठशाची. भिंगाखाली प्रत्येक रेघ ठाम, काठ स्वच्छ, राखाडी छटा केवळ रेघांच्या दाटी-विरळीनं. रेघेऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून केलेली नक्कल. निळा-गुलाबी-पिवळा-काळा अशा ठिपक्यांची फुलं दिसली तर हल्लीच्या ऑफसेटवरचं कॅलेंडर समजा.
हे ठसे बॉक्सवुडचे, खोड आडवं कापून त्याच्या तोंडावर कोरलेले. झाड हळू वाढणारं, खोड बारीक, त्यामुळे मोठा ठसा एका तुकड्याचा होतच नाही. अनेक छोटे तुकडे मागून बोल्टांनी आवळायचे. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना द्यायचे, मग परत जोडायचे. त्या सांध्यांवर छपाईत केसाएवढी पांढरी रेघ येते, सरळ, उभी-आडवी. दुपानी चित्रात अशा रेघांची चौकट दिसली तर ती शुभ खूण.
मागची बाजू: साप्ताहिकाच्या पानामागे बहुधा मजकूर असतो आणि तो पुढे किंचित झिरपतो. कोरी असेल तर लगेच खोटं म्हणू नका, मोठ्या पुरवण्या कोऱ्या पाठीच्या निघत. पानाचा आकार साधारण २८ बाय ४० सेंटिमीटर, दुपानी त्याच्या दुप्पट. अचूक ए-तीन आकार असेल तर प्रिंटरमधून आलंय.
रंग: ही पानं काळ्या शाईतच छापली जात. रंग बहुतेक वेळा नंतरच्या दुकानदारांनी भरलेले. भिंगाखाली रंग काळ्या रेघेवरून ओघळलेला दिसतो, आणि रंग घडीच्या चिरेत उतरलेला असेल तर तो घडी पडल्यानंतर भरला हे उघड. किंमत ठरवताना 'मूळ रंग' म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये.
शेवटचं: ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. अंधारात कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, म्हणजे कागद १९५०च्या पुढचा. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

आस_आणि_चाक:
गंमत म्हणजे जुनी स्केटची चाकंही बॉक्सवुडचीच! ठसा ज्या लाकडाचा, चाकही त्याच लाकडाचं. दाट, तासल्यावर गुळगुळीत, तंतू सहज उठत नाहीत, म्हणून दोघांना लाडकं.

खोडसाळपंत:
म्हणजे चित्रातलं चाक नि चित्राचा ठसा सख्खे भाऊ. एक घासून झिजला, एक छापून.

वाचनमात्र:
रंगीत छोटी कार्डं असतात, त्यांचं काय? मुलगा धपकन पडलाय, खाली चहाच्या दुकानाचं नाव वगैरे.

भिंगवाली:
ती १८८०च्या दशकातली अमेरिकन व्यापारी कार्डं, अंदाजे ७ बाय १२ सेंटिमीटर, दगडावरून रंगीत छापलेली. चित्र ठोकमध्ये छापायचे, मोकळ्या जागेत ज्या-त्या दुकानाचं नाव. म्हणून तोच पडका मुलगा साबणालाही चालतो नि बुटालाही. भिंगाखाली ठिपके वेडेवाकडे, हातानं टिंबलेले, ओळीत नसतात. कळत नसेल तर रविवर्मा प्रेसचं एखादं जुनं अस्सल लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र भिंगाखाली बघा. १८९४ला मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना याच तंत्राचा. एकदा ते टिंब डोळ्यांत बसले की अमेरिकन कार्डही लगेच कळतं.

कसरखाऊ:
घेऊन ठेवणार कसं, यावर कुणी बोललं नाही, म्हणून. १८७०नंतरच्या पुष्कळ कागदांत लाकडाचा लगदा असतो, तो आम्ल सोडतो आणि तपकिरी, ठिसूळ होतो. आपल्याकडचा पावसाळा त्यावर भर. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कसर पिठाच्या खळीवर ताव मारते.
फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: मागे हार्डबोर्ड नको, वर्तमानपत्र नको, पुठ्ठा आम्लरहित हवा. चित्र पूर्ण चिकटवायचं नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं. सेलोटेप अजिबात नको, त्याचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. काच चित्राला टेकू नये, मधे माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवी, नाहीतर ओल आली की शाई काचेला चिकटते. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसात तीच भिंत ओली होते. आणि लॅमिनेशन हा शब्द उच्चारणाऱ्या दुकानातून चित्र उचलून बाहेर पडा.

आस_आणि_चाक:
+१. कुणी चित्रासोबत जुनी स्केटही घेणार असेल तर: रबराच्या गाद्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे आस वळत नाही. लोक त्यावर तेल ओततात, रबर आणखी बिघडतं. आसाला आणि धातूला थेंबभर तेल, रबर कोरडं. लाकडी चाकं पाण्यानं धुवू नका, फुगून तंतूच्या दिशेनं चिरतात. आणि चढवून चालून बघण्याचा मोह टाळा.

खोडसाळपंत:
मर्लिनचा आरसा आठवा.

जुनाट_कागद:
सगळ्यांना दंडवत. आता समोरच्या चित्राला हे सगळं लावून बघितलं. मोठ्या आकारातल्या फोटोत डावीकडच्या पुरुषाच्या पायाला पट्ट्यांचं चारचाकी स्केट स्पष्ट आहे. बायकांचा घेर पुढून ओढलेला, मागे अजून थोडा फुगलेला. आकाशाच्या जागी, म्हणजे छताच्या रेघांत, दोन उभ्या पांढऱ्या रेघा आहेत. रंग घडीत उतरलाय. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवला तर एका पानावर मजकूर आहे: प्रिन्स ऑफ वेल्सचं मुंबईत स्वागत, मिरवणूक, रोषणाई.

भिंगवाली:
मग झालंच की! प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला ८ नोव्हेंबर १८७५ला. तारेनं बातमी लगेच जायची, पण वर्णनं नि रेखाटनं टपालाच्या बोटीनं, साधारण तीन आठवडे. म्हणजे अंक १८७५च्या नोव्हेंबरअखेरचा किंवा डिसेंबरचा. घेरही जुळतो, एक फॅशन जाऊन दुसरी येण्याच्या हद्दीवरचा. १८५० पंचवीस वर्षांनी चुकलं.

ठसा:
आणि रिंकोमॅनियाच्या ऐन तोंडावरचं. चारचाकी आहे हे मी आधीच म्हटलं होतं, एवढीच नोंद. विकणाऱ्याला तारीख कळवायच्या आधी बोली लावा. मागचं पान त्यानं वाचलेलं नाही हे चिठ्ठीवरून दिसतंय.

वाचनमात्र:
मुंबईवाल्यांना तर मागचीच बाजू जास्त हवी. मग फ्रेम कुठल्या बाजूनं करायची?

कसरखाऊ:
दोन्ही. पुढे-मागे दोन काचा, दोन्हीकडून माउंटची खिडकी, वरच्या कडेला दोनच पट्ट्या, पण त्या माउंटखाली जातील एवढ्या अरुंद. मधली घडी ताणून सपाट करायला जाऊ नका, तिथेच फाटेल. फ्रेम जड होते, म्हणून एका खिळ्याऐवजी दोन हुक.

खोडसाळपंत:
आणि दर महिन्याला उलटी टांगा. सहा महिने लंडन, सहा महिने मुंबई.